गाडीचा कडेकोट बंदोबस्त

खरं सांगतो, मला फक्त 'टुकटुक' हवं होतं.

समोरच्या बिल्डिंगमधल्या भोईरांनी नवी गाडी घेतली. संध्याकाळी ते गाडीतून उतरायचे, चालायला लागायचे आणि मागे वळूनही न बघता खिशातल्या खिशात बटण दाबायचे. गाडी 'टुकटुक' म्हणायची आणि डोळे मिचकावायची. माझी गाडी सेकंडहँड. ती बंद करायची म्हणजे देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालायची, प्रत्येक दाराची खुंटी दाबायची, मग प्रत्येक दार ओढून बघायचं. एवढं करूनही मागचं एखादं दार उघडं राहायचंच. (ते भोईर गॅलरीतून ओरडून सांगायचे. जास्त लागायचं ते हे.)

"आपणही गाडीला टुकटुक बसवून घेऊ," मी कुणालीला म्हणालो.

कुणाली माझी बायको. ती शेणव्याच्या शाळेत शिकवते, त्यामुळे एका वाक्यात समोरच्याला खाली बसवायची तिला सवय आहे. "टुकटुकच हवं असेल तर मी करत जाईन की तोंडाने," ती म्हणाली. "तुम्ही उतरलात की गॅलरीत येऊन."

मी इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर लोकांना 'उद्या या' सांगणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट आजच्या आज करावीशी वाटते तेव्हा त्याला कोणी अडवू नये. मी त्याच दिवशी आसनगावला सुदामकडे गेलो.

सुदामचं दुकान हायवेच्या कडेला आहे. तो गाड्यांचं वायरिंग करतो. त्याआधी तो लग्नाच्या पिकअपवर डीजे बसवायचा. त्याच्या तोंडात एकच वाक्य, "होऊन जाईल, साहेब." नाही म्हणणारा मेकॅनिक माणसाला वाचवतो. सुदामने आजवर कोणालाच वाचवलेलं नाही.

"मला फक्त रिमोटने लॉक होणारी दारं हवीत," मी म्हणालो.

"होऊन जाईल, साहेब. पण लॉक करून गेल्यावर कोणी गाडीला हात लावला, तर तुमाला कळणार कसं?"

मी याचा विचारच केला नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या गाडीला एका बकरीने बंपरवर अंग घासलं होतं, तेवढंच.

"सेन्सर टाकू," सुदाम म्हणाला. "धक्का लागला की गाडी बोंब मारणार."

"आणि चोर बोंबेला घाबरला नाही तर?" (हा प्रश्न मी विचारला. मलाच सुचायचा होता!)

सुदामचे डोळे चमकले. "मग इंजिन आपोआप बंद."

"त्याने बॉनेट उघडून बॅटरीची वायरच तोडली तर?"

"बॉनेटला पण लॉक. आणि दुसरी बॅटरी मागच्या सीटखाली. कोणाला वास लागणार नाय."

"त्याच्याकडे दाराची डुप्लिकेट किल्ली असली तर?"

"दाराचं किल्लीचं भोकच बुजवून टाकू!"

आम्ही एकमेकांना अशी भीती घालत गेलो. चहावर चहा आले. शेवटी माझी अवस्था अशी झाली, की दुकानाबाहेर उभी असलेली माझी स्वतःची गाडी नजरेआड करवेना.

मग प्लॅनिंग सुरू झालं. सुदामकडे कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स होता. त्याच्या पाठीवर आम्ही मार्करने अख्ख्या गाडीचं वायरिंग काढलं. पुढच्या बाजूची अक्षरं आरपार दिसत होती, त्यामुळे इंजिनाच्या जागी उलटं 'दीर्घायुष्य' आलं. मला तो शुभशकुन वाटला.

फ्लेक्सवर वायरींचा अंदाज येईना, म्हणून रविवारी मी घरातच गाडी मांडली. सोफा पुढची सीट, टीव्ही म्हणजे डिकी, शोकेस म्हणजे इंजिन. कुणालीने स्वेटरसाठी आणलेली लोकर मी घेतली आणि लाल धागा मेन लाइन, पिवळा धागा सेन्सर, हिरवा धागा दारांचं लॉक, असं सगळ्या हॉलभर ताणून बांधलं. काम अतिशय देखणं झालं होतं. तेवढ्यात कुणाली बाजारातून अंडी घेऊन आली.

"थांब!" मी ओरडलो. "तू बॉनेटमध्ये उभी आहेस!"

ती दचकून मागे सरली ती थेट मागच्या दाराच्या लॉकमध्ये अडकली, तिथून सेन्सरमध्ये पडली आणि अंडी इंजिनावर फुटली. संध्याकाळी लोकर सोडवताना ती एवढंच म्हणाली, "चोराचं माहीत नाही. पण घरच्या माणसाला तुम्ही पकडून दाखवलंत."

राहता राहिला आवाज. सुदामने गाडीत बसवायचा एक बोलणारा डबा मागवला होता. कोणी गाडीला हात लावला की हा डबा ओरडायचा. पण त्यात आधीपासून कुठल्यातरी परदेशी बाईचा आवाज भरलेला होता, आणि तो इतका गोड होता की चोर गाडी सोडून त्या बाईलाच शोधत बसला असता. मग ठरलं की आवाज माझाच भरायचा. घुमावा म्हणून मी बाथरूममध्ये गेलो, दार लावलं, मालकाला शोभेल असा श्वास घेतला आणि गर्जना केली,

"थांब! गाडीला हात लावू नको! चोर! चोर! पकडा!"

दुसऱ्याच मिनिटाला भोईर काठी घेऊन आमच्या घरात. "कुठाय? कुठाय?" करत ते थेट बाथरूमच्या दारावर. तेही रेकॉर्ड झालं. मी ते पुसून टाकणार होतो, पण सुदाम म्हणाला, "राहू द्या साहेब. पब्लिक जमल्यासारखं वाटतं." आणि डीजेच्या दिवसांतला एक कर्णा त्याने डब्याला जोडून दिला.

माझ्या दोन सूचना सुदामला फार आवडल्या. पहिली अशी, की मी विसराळू असल्यामुळे ड्रायव्हरचं दार बंद झालं की गाडीने आपली आपण लॉक व्हायचं. दुसरी अशी, की बोंब एकदा सुरू झाली की गुप्त कोड दाबल्याशिवाय दारं उघडायची नाहीत. रिमोटचं वरचं बटण तारखेइतक्या वेळा दाबायचं, खालचं महिन्याइतक्या वेळा. कोड टाकताना मी सुदामलाही भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बंदोबस्त म्हणजे बंदोबस्त.

गाडी तयार झाली ती नेमकी माझ्या मेहुणीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी.

मेहुणी मिताली ही कुणालीची धाकटी बहीण. ती आणि सुनिल कल्याणला एकाच कंपनीत कामाला. दोघांनी आपसांत जमवलं आणि मग घरी सांगितलं. माझ्या सासऱ्यांचा, जयरामरावांचा, विरोध नव्हता. सुनिल तानशाकडचा, शेतीवाडीचं चांगलं घर. अडचण एकच होती, त्याची आजी. सकुबाई.

सकुआजीच्या शब्दाबाहेर त्या घरात कोणी जात नाही. सुनिलच्या थोरल्या भावासाठी ठरत आलेली एक सोयरीक तिने मोडली होती, कारण त्या दारात तिच्यावर कुत्रं भुंकलं होतं. "जिथं दारात मला भुंकलं, तिथं पोरगा देणार नाय," एवढं बोलून ती उठली होती म्हणे. सासऱ्यांनी हे ऐकल्यापासून गल्लीतली सगळी कुत्री आठवडाभर चपात्या खाऊन जाड झाली होती. साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे यायच्या आधीच ती लांबच्या वाडीवर पोचवली गेली.

आणि या सकुआजीला टेम्पो लागतो. मळमळतं. म्हणून सासऱ्यांनी मला फोन केला. "जावईबापू, म्हातारीला तुमच्या गाडीतून आणा. सांभाळून आणा. सगळं तुमच्या हातात हाय."

माझी छाती शर्टात मावेना.

सकाळी मी आणि कुणाली तानशाला गेलो. सकुआजी मागच्या सीटवर ऐसपैस बसली. लहानखुरी, नऊवारी नेसलेली, आवाज खणखणीत. तिला वारा हवा म्हणून खिडकी अर्धी उघडली. तिने गाडीचं कौतुक केलं, माझं ड्रायव्हिंग सावकाश आहे म्हणाली, आणि किन्हवली मागे पडेपर्यंत कुणालीला घरची सगळी माणसं विचारून झाली. सरळगावच्या अलीकडे आमची सासुरवाडी लागली तेव्हा ती इतकी खुशीत होती की मी मनातल्या मनात लग्नाचा फेटासुद्धा निवडून ठेवला.

मांडवाशी गाडी थांबली. नवऱ्याकडचा टेम्पो आधीच आला होता. कुणाली ओवाळायचं ताट आणायला उतरून पळाली. मी उतरलो, कोट सारखा केला, माझं दार लावलं आणि आजींचं दार अदबीने उघडायला वळलो.

टुकटुक.

(इतका गोड आवाज होता तो! मला क्षणभर बरंच वाटलं.)

आणि त्याच क्षणी आजींच्या स्वागताला बँजो पार्टीने पहिला ठोका हाणला आणि गाडीच्या काचा थरथरल्या.

"थांब! गाडीला हात लावू नको! चोर! चोर! पकडा!" माझा आवाज डीजेच्या कर्ण्यातून अख्ख्या गावावर फुटला. पाठोपाठ भोईर, "कुठाय? कुठाय?"

मांडवातली पोरं धावली. गाडीला वेढा पडला. सगळ्यांनी आत डोकावून बघितलं. आत, अर्ध्या खिडकीमागे, एकटी सकुआजी.

बँजो थांबला. 

"कोण रे चोर?" आजीने विचारलं. "मी?"

सुनिलचे मामा पुढे आले. "आमच्या म्हातारीला दारात चोर बोलता? भर मांडवात? चला रे, टेम्पो फिरवा!"

सासरे पांढरेफटक पडले. सासूबाई धोंडीबाई मटकन खुर्चीत बसल्या. मी दाराची मूठ ओढत होतो, ते हलत नव्हतं. खिडकीतून हात घालून आतली खुंटी वर ओढली, ती 'खट्ट' करून परत खाली बसली. पुन्हा ओढली, पुन्हा खट्ट. आणि प्रत्येक ओढीला गाडी हलत होती आणि मी मलाच ओरडून सांगत होतो, "गाडीला हात लावू नको!"

तेवढ्यात मिताली मांडवातून पळत आली. शालूचा पदर खोचलेला, मेंदीच्या एका हातात बांगड्या, दुसरा हात अजून रिकामा. ती खिडकीशी वाकली.

"आजी, गाडी तुमाला नाय बोलली."

"मग कोनाला बोलली गो?"

"तुमच्या नातवाला. मला पळवून न्यायला तोच आलाय ना? गाडीला चोर बरोबर कळला, माणूस तेवढा चुकला."

सुनिलने मान खाली घातली. मामा थबकले. आणि गाडीच्या आतून आधी खुसखुस ऐकू आली, मग सकुआजी पोट धरून हसायला लागली. इतकी हसली की गाडी हलली आणि पुन्हा बोंब सुरू झाली. त्यावर ती आणखी हसली.

"मामा," डोळे पुसत ती म्हणाली, "टेम्पो कुठं नेतोस? बस खाली. मला हीच पोरगी पायजे."

इतकं झाल्यावर आता फक्त म्हातारीला बाहेर काढायचं होतं. मी सुदामला फोन लावला.

"सुदाम, आजी आत अडकल्यात!"

"होऊन जाईल, साहेब. बॅटरीची वायर काढा."

"बॉनेटला लॉक आहे!"

"मग दुसरी बॅटरी..."

"तिच्यावरच आजी बसल्यात!"

"मग कोड दाबा ना साहेब. तुमालाच ठाऊक."

"कोड काय ठेवलाय?" कुणालीने विचारलं.

"आपल्या लग्नाची तारीख," मी जरा मोठ्यानेच सांगितलं. बायकांमधून "अगं बाई" असा आवाज आला. कुणालीसुद्धा किंचित लाजली. (त्या घरातला माझ्या इज्जतीचा तो शेवटचा क्षण.)

मी रिमोट उंच धरला आणि बटण दाबायला लागलो. सगळा मांडव मोठ्याने मोजत होता. तारीख झाली, महिन्याचंही दाबून झालं. 

"थांब! गाडीला हात लावू नको! चोर! चोर!"

"किती दाबलंत?" कुणालीने विचारलं. मी सांगितलं.

"ती आपल्या लग्नाची तारीख नाहीये."

"तवा तर पितरपाख होता गो," धोंडीबाई खुर्चीतून म्हणाल्या. "पितरपाखात कोन लगीन लावतं?"

कुणालीने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि खरी तारीख दाबली.

"चोर! चोर! पकडा!" गाडी म्हणाली.

म्हणजे सुदामकडे कोड टाकताना मी तिसरीच तारीख टाकली होती. माझ्या लग्नाच्या मला दोन तारखा ठाऊक होत्या आणि दोन्ही चुकीच्या, हे सगळ्या सासुरवाडीला एकाच वेळी समजलं.

मग सगळे मदतीला आले. सासरे म्हणाले, "हळदीची तारीख असंल." चोर! चोर! कोणी म्हणालं, बघायला आले होते तो दिवस. चोर! चोर! एका काकांनी माझ्या बारशाची तारीख विचारली. प्रत्येक वेळी माझा आवाज मलाच चोर ठरवत होता आणि कुणाली माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मामांनी अंगणातला वरवंटा उचलला. "काच फोडू," ते म्हणाले. म्हातारीपुढे काचेची काय किंमत? मी हो म्हटलं.

"ठेव तो वरवंटा!" आतून आजी गरजली. "शुभकार्याच्या दारात काच फोडतोस? मी हितं बरी हाय. घरात कवा कोन मला अशी गादी देतं? साखरपुडा हितंच करा."

आणि खरोखरच साखरपुडा तिथेच झाला. पाट गाडीशेजारी मांडले. भटजी बॉनेटपाशी उभे राहिले. आवाज झाला की गाडी बोंबलायची, म्हणून बँजोवाले वाद्यं मांडीवर घेऊन गप बसले. भटजींनी मंत्र कानात सांगावे तसे म्हटले. पाहुणे चपला हातात घेऊन फिरत होते. सकुआजीने अर्ध्या खिडकीतून हात काढून मितालीला कुंकू लावलं, ओटी भरली, तिच्या हाताला धरून हळूच काहीतरी सांगितलं. मितालीच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडीबाई तर तोंडात पदर कोंबून रडत होत्या, आवाज नको म्हणून.

सुनिलने अंगठी घातली आणि लोकांना राहवलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"चोर! चोर! पकडा!"

"पकडला!" मिताली सुनिलचा हात वर करून ओरडली. मग कोणी कोणाला आवरलं नाही. बँजो सुटला, गाडी बोंबलत राहिली, "कुठाय? कुठाय?"च्या तालावर पोरं नाचली. आजी आत बसून सीटवर ठेका धरत होती. इतका वाजतगाजत साखरपुडा त्या गावात पूर्वी झाला नव्हता, असं मामाच म्हणाले.

जेवणाच्या पंक्ती बसल्या. आजीला खिडकीतून ताट गेलं. कुणाली वाढायला उभी राहिली. जिलबी वाढता वाढता ती अचानक थांबली, माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं, माझ्या कोटाच्या खिशातून रिमोट काढला आणि सावकाश बटणं दाबली.

टुकटुक. चारी दारं उघडली.

"कोणती तारीख दाबलीस?" मी विचारलं.

"गाडी घेतली ती," कुणाली म्हणाली आणि पुढच्या पानावर जिलबी वाढायला गेली.

पंक्तीतले काही जण हसले नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अजून आदर आहे.

सकुआजी मात्र लगेच उतरली नाही. आधी शांतपणे मठ्ठा संपवला. परत जाताना तिने टेम्पोला साफ नकार दिला आणि माझ्याच गाडीतून आली. तानशाला उतरल्यावर तिने माझा हात धरला. मला वाटलं, आशीर्वाद देतेय.

"जावईबापू, तो बोंबलनारा डबा मला द्या. वालाच्या शेतात रानडुकरं घुसतात. राखनीला लावते."

मी आनंदाने दिला. (बाकीचं सामान सुदामने काढून घेतलं. किल्लीचं भोकही मोकळं करून दिलं. मी पुन्हा प्रदक्षिणा घालतो.) तानशाकडे एका शेतात माझा आवाज राखणीला आहे, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असे.

गेल्या आठवड्यात लग्नाची बोलणी करायला मिताली आणि सुनिल आले. मी सहज विचारलं, डुकरं कशी पळतात?

सुनिल चुळबुळला. "पहिले दोन-तीन दिवस पळाली, दाजी. मग त्यांना सवय झाली. आता तर डब्याला टेकूनच बसतात."

मला वाईट वाटलं. मी कुणालीकडे बघितलं. निदान बायको तरी दोन शब्द चांगले बोलेल असं वाटलं.

"हुशार आहेत," कुणाली चहाचा कप पुढे सरकवत म्हणाली. "मला लग्नाच्या पहिल्या दिवशीच कळलं होतं."